शरीरातून सागराकडे : वैद्यकीय प्रतिमाद्रव्यांचा रासायनिक इतिहास आणि डहाणू-तलासरीचा किनारा

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने जमिनीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १९४५ चा वारली उठाव, वेठबिगारीविरुद्धचा लढा, वनजमिनींवरील हक्क, चिकूच्या वाड्या हे त्या लेखनाचे ठरलेले विषय होत. समुद्राचा शिरकाव या इतिहासात उशिरा झाला, आणि तोही वीजकेंद्रे व बंदरे यांच्या निमित्ताने. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातील झाई या गावांसमोरील पाण्यात काय मिसळते, हा प्रश्न १९६० च्या दशकात प्रथम वैज्ञानिकांनी विचारला, १९९० च्या दशकात न्यायालयाने विचारला आणि आज तो पुन्हा एकदा वाढवण बंदराच्या संदर्भात विचारला जात आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका दुर्लक्षित अंगाचा विचार केला आहे. शरीराचा आतील भाग क्ष-किरण, चुंबकीय अनुनाद किंवा किरणोत्सर्ग यांच्या साह्याने स्पष्ट दिसावा म्हणून रुग्णास काही द्रव्ये दिली जातात. रुग्णालयांत त्यांना सरसकट ‘डाय’ किंवा ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. येथे त्यांना प्रतिमाद्रव्ये म्हटले आहे. ही द्रव्ये रुग्णाला बरे करीत नाहीत. त्यांनी शरीरात काहीही घडवून आणू नये, दिसावे आणि निघून जावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा रसायनशास्त्राने जसजशी अधिक चांगल्या रीतीने पूर्ण केली, तसतशी ही द्रव्ये शरीराबाहेरही अविकारी राहू लागली. रुग्णाच्या सुरक्षिततेचा इतिहास आणि पाण्यातील साठवणीचा इतिहास हे एकाच गुणधर्माचे दोन परिणाम आहेत. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यापुरता हा गुणधर्म कोणता प्रश्न उभा करतो, हे तेथील मोजमापाच्या इतिहासाशी ताडून पाहावे लागते.

शरीरात राहिलेले आणि शरीरातून गेलेले

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. हाडे दिसू लागली. परंतु जठर, आतडी, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या हे मऊ अवयव छायेविनाच राहिले. त्यांना छाया देण्यासाठी जड अणूंची आवश्यकता होती. आरंभी बिस्मथचे क्षार वापरले गेले आणि १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट प्रचारात आले. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते प्याले तरी शरीरात शोषले जात नाही. प्रतिमाद्रव्यांच्या इतिहासातील हा पहिला धडा होय : विषाची विषारी वृत्ती त्याच्या मात्रेएवढीच त्याच्या विद्राव्यतेवरही अवलंबून असते.

दुसरा धडा महाग पडला. १९३० च्या सुमारास थोरियम डायऑक्साइडचे ‘थोरोट्रास्ट’ नावाचे कलिल रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठी वापरात आले. चित्रे उत्तम येत. रुग्णास तत्काळ कोणताही त्रास होत नसे. परंतु हे कण यकृत व प्लीहा यांत अडकून राहत आणि थोरियम किरणोत्सर्गी असल्याने पुढे कित्येक वर्षे त्या पेशींवर अल्फा कणांचा मारा होत राही. दोन-तीन दशकांनंतर अशा रुग्णांत यकृताचे कर्करोग आढळू लागले. थोरोट्रास्ट समुद्रापर्यंत फारसे पोहोचलेच नाही, कारण ते माणसांच्या शरीरातच राहिले. पुढच्या पिढीतील संशोधकांनी या अनुभवावरून घेतलेला बोध स्पष्ट होता : प्रतिमाद्रव्य शरीरात राहता कामा नये.

शरीरातून त्वरित बाहेर पडणाऱ्या द्रव्यांची वाट मात्र थोरोट्रास्टच्याच काळात मोकळी झाली होती. अमेरिकन डॉक्टर मोझेस स्विक यांनी जर्मनीत काम करीत असताना १९२९ मध्ये ‘युरोसिलेक्टन’ या आयोडीनयुक्त संयुगाने मूत्रमार्गाचे चित्रण करून दाखविले. हे संयुग ज्या मालिकेतले होते ती मुळात संसर्गावरील औषधांच्या शोधातून तयार झाली होती. शोधाचे श्रेय कोणाचे यावरून पुढे बराच वाद झाला. तो येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, आयोडीन मूत्रावाटे बाहेर टाकले जाते आणि जाता जाता वाटेवरचे अवयव दाखविते, ही कल्पना रुजली. १९५० च्या दशकात आलेल्या डायट्रायझोएटमध्ये बेंझिनच्या एकाच वलयावर आयोडीनचे तीन अणू पक्के बसविलेले होते. आजही या गटातील सर्व द्रव्यांचा गाभा हाच आहे.

या द्रव्यांचे द्रावण रक्ताच्या मानाने फार तीव्र असे आणि त्याच्या तर्षण दाबामुळे टोचताना रुग्णाला असह्य दाह होई. यावरील उपाय स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांना समुद्रस्नानाच्या अनुभवातून सुचला, असे या क्षेत्रात सांगितले जाते. बाल्टिक समुद्राच्या मचूळ पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहता येते, पश्चिमेकडील खाऱ्या पाण्यात मात्र डोळे झोंबतात, हे त्यांना ठाऊक होते. दाह आयोडीनचा नसून विद्रावातील कणसंख्येचा आहे, तेव्हा आयनांत न फुटणारा रेणू बनवावा, असा सिद्धान्त त्यांनी १९६९ मध्ये मांडला. नॉर्वेतील न्यूगोर कंपनीने तो प्रत्यक्षात आणला आणि त्यातूनच पुढे १९८२ मध्ये आयोहेक्झॉल आले. आयनरहित, अतिशय जलस्नेही, प्रथिनांना न चिकटणारा व चयापचयास दाद न देणारा असा हा रेणू आहे. ज्या खाऱ्या पाण्याच्या आठवणीतून त्याची कल्पना सुचली, त्याच खाऱ्या पाण्यात तो शेवटी जाऊन पडतो, हा या इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

चुंबकीय अनुनाद चित्रणासाठी, म्हणजे एमआरआयसाठी, वेगळाच धातू निवडला गेला. गॅडोलिनियमच्या अणूत सात एकाकी इलेक्ट्रॉन असल्याने भोवतालच्या पाण्यातील हायड्रोजनवर त्याचा मोठा प्रभाव पडतो. परंतु मोकळा गॅडोलिनियम आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाशी मिळताजुळता असल्याने शरीरात त्याची जागा बळकावतो आणि म्हणूनच विषारी ठरतो. तेव्हा त्याला डीटीपीए या सेंद्रिय रेणूच्या पकडीत, म्हणजे किलेटमध्ये, बंदिस्त करण्यात आले. हे गॅडोपेंटेटेट १९८८ पासून वापरात आले. मूत्रपिंडे निरोगी असल्यास त्याचा बहुतांश भाग एका दिवसात मूत्रावाटे बाहेर पडतो. २००६ मध्ये, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व अवयव कडक करणाऱ्या एका आजाराचा या द्रव्यांशी संबंध लक्षात आला. किलेटची पकड सैल झाल्याचा तो परिणाम होता. त्यानंतर वैद्यक अधिक घट्ट पकडीच्या, वलयाकार किलेटकडे वळले आणि २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने शिरेवाटे दिली जाणारी बरीचशी रेषाकार किलेट द्रव्ये स्थगित केली. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पाण्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, बाहेर पडणारे गॅडोलिनियम आता अधिक काळ बंदिस्त राहणार होते.

समुद्रातील गती

खाऱ्या पाण्यात आल्यावर या द्रव्यांची गती एकसारखी होत नाही. बेरियम सल्फेटचा विचार थोडक्यात आटोपता येतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल आहे. त्यामुळे बेरियम सल्फेट तेथे विरघळण्यास फारसा वाव नसतो आणि ते गाळात जाऊन बसते. बॅराइट या खनिजाच्या रूपाने समुद्रतळाला ते पूर्वीपासून परिचित आहे.

किरणोत्सर्गी द्रव्यांबाबत लोकमानसात असलेली भीती आणि प्रत्यक्ष प्रमाण यांत मोठी तफावत आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे असल्याने ऐंशी दिवसांत त्याचा हजारावा हिस्साच उरतो. टेक्नेशियम-९९ एम चे अर्धायुष्य तर सहा तासांचेच आहे. ते क्षय पावून टेक्नेशियम-९९ होते आणि त्याचे अर्धायुष्य दोन लाखांहून अधिक वर्षांचे आहे, हे ऐकून कोणीही दचकेल. परंतु हिशेब केला तर एक अब्ज बेकेरेल टेक्नेशियम-९९ एम मधून अखेरीस केवळ तीन बेकेरेल टेक्नेशियम-९९ शिल्लक राहते. एका अस्थिचित्रणासाठी साधारणतः पाऊण अब्ज बेकेरेल लागतात. उत्तर युरोपच्या समुद्री शेवाळांत व शेवंडांत टेक्नेशियम-९९ लक्षणीय प्रमाणात आढळले, ते सेलाफिल्ड येथील अणुइंधन पुनर्प्रक्रियेमुळे, रुग्णालयांमुळे नव्हे.

आयोडीनयुक्त क्ष-किरण द्रव्यांकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते, कारण त्यांची मात्रा ग्रॅममध्ये असते. एका सी. टी. स्कॅनसाठी शंभर मिलिलिटर द्रावण दिल्यास त्यात सुमारे तीस ग्रॅम आयोडीन असते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे अंदाजे साठ मायक्रोग्रॅम आयोडीन निसर्गतःच असते. म्हणजे एका रुग्णाच्या मात्रेतील आयोडीन हे पाचशे घनमीटर समुद्रजलातील नैसर्गिक आयोडीनएवढे भरते. समुद्रातील आयोडीन आयोडेट व आयोडाइड या दोन रूपांत फिरत असते. अरबी समुद्राच्या प्राणवायू कमी असलेल्या थरात आयोडाइडचे प्रमाण वाढते. प्रतिमाद्रव्यातील आयोडीन मात्र या फेऱ्यात सहजी सामील होत नाही, कारण ते कार्बनला जखडलेले असते. टर्नेस व हिर्श यांनी २००० मध्ये जर्मनीतील सांडपाणी, नद्या व भूजल या तिन्हींत ही द्रव्ये आढळल्याचे दाखविले. जिवाणू त्यांच्या बाजूच्या शाखा कुरतडतात. तीन आयोडीनचे वलय टिकून राहते.

खरी चिंता क्लोरीनशी गाठ पडते तेव्हाची आहे. आयोपॅमिडॉल असलेल्या नदीच्या पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया केल्यास आयोडीनयुक्त विषारी उपपदार्थ निर्माण होतात, असे २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. समुद्राच्या पाण्याने थंड होणारी वीजकेंद्रेही नळ्यांत शिंपले-कालवे धरू नयेत म्हणून क्लोरीन वापरतात, त्यामुळे किनाऱ्याच्या संदर्भात हा मुद्दा उपस्थित होतो. तथापि समुद्रात ब्रोमाइडचे प्रमाण आयोडीनच्या सुमारे हजारपट असल्याने तेथे क्लोरीनचा रोख प्रथम ब्रोमाइडकडे वळतो आणि ब्रोमोफॉर्म हाच मुख्य उपपदार्थ ठरतो. म्हणून या धोक्याचे स्थान समुद्रापेक्षा किनाऱ्यालगतच्या पिण्याच्या पाण्यात शोधणे अधिक सयुक्तिक होय.

गॅडोलिनियमची कथा या सर्वांहून निराळी आहे. विरल मृदा मूलद्रव्ये निसर्गात एका ठरावीक प्रमाणात एकत्र आढळतात. एखाद्या नदीत त्यांपैकी एकाचेच प्रमाण शेजाऱ्यांच्या तुलनेत वाढलेले दिसले, तर ते बाहेरून आले असे समजावे. मिखाएल बाउ व पेटर डुल्स्की यांनी १९९६ मध्ये जर्मनीतील दाट वस्तीच्या नद्यांत गॅडोलिनियमचा असा उंचवटा दाखवून दिला. स्वीडनमधील विरळ वस्तीच्या नद्यांत तो नव्हता. उगम एमआरआयचा होता. २००० मध्ये तोच उंचवटा टोकियोच्या उपसागरात दिसला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील १९९० च्या दशकापासूनचे नमुने २०१६ मध्ये तपासून प्रसिद्ध झाले, तेव्हा दक्षिण भागातील प्रमाण दोन दशकांत कित्येक पटींनी वाढल्याचे आढळले. जर्मनीतील सहा शहरांच्या नळाच्या पाण्यात आणि त्या पाण्यापासून उपाहारगृहांत बनविलेल्या शीतपेयांतही २०१९ मध्ये हा धातू सापडला. प्रमाण नगण्य होते, परंतु शहराचे सांडपाणी फिरून त्याच शहराच्या पेल्यात येते याचा तो निर्विवाद पुरावा होता.

किनारपट्टीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वेझर नदीच्या मुखाशी झाले. नदीतील नैसर्गिक विरल मृदा मूलद्रव्ये बहुतांशी कलिल कणांना चिकटलेली असतात. गोड्या पाण्यास खारे पाणी मिळताच हे कण एकत्र येऊन खाली बसतात, आणि खाडी एखाद्या गाळणीसारखी काम करते. किलेटबद्ध गॅडोलिनियम मात्र कशालाच चिकटत नसल्याने ही गाळणी चुकवून थेट उत्तर समुद्रात पोहोचते, असे कुलाक्सिझ व बाउ यांनी २००७ मध्ये दाखविले. खाडी आपल्याकडची घाण अडविते, हा सर्वसाधारण समज या एका द्रव्यापुरता तरी खरा नाही.

एमआरआयच्या एका मात्रेत सुमारे एक ग्रॅम गॅडोलिनियम असते. खुल्या समुद्रात दर लिटरमागे या धातूचे प्रमाण एक नॅनोग्रॅमच्या आसपास असल्याने, एका रुग्णाची मात्रा दहा लाख घनमीटर समुद्रजलातील नैसर्गिक गॅडोलिनियमएवढी होते. आयोडीनबाबत हाच आकडा पाचशे घनमीटर होता. अर्थात यावरून गॅडोलिनियम अधिक घातक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रयोगशाळेत सागरी जीवांना इजा करणारी प्रमाणे पाण्यात मोजलेल्या प्रमाणांहून फार मोठी आहेत. तूर्त गॅडोलिनियम हा आरोपी कमी आणि साक्षीदार अधिक आहे : जेथे तो पोहोचला तेथे सांडपाण्यासोबत येणारी अन्य टिकाऊ औषधेही पोहोचली, एवढे तो नक्की सांगतो.

किनाऱ्यावरील मोजमापाचा इतिहास

डहाणूच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या तारापूर येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र उभारले गेले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. तारापूरच्या निमित्ताने एक पद्धत रूढ झाली, तिची दखल पर्यावरणाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही. केंद्रातून एक थेंबही समुद्रात जाण्यापूर्वी, १९६० च्या दशकातच, तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेने परिसराची पूर्वस्थिती नोंदविण्यास आरंभ केला. पाणी, गाळ, मासे, शेवाळ यांत आधीच किती किरणोत्सर्ग आहे, हे ठाऊक असल्याशिवाय पुढे वाढलेला किती, हे सांगता येणार नाही, हा त्यामागील साधा तर्क होता. किनाऱ्यावरची माणसे कोणते मासे किती खातात याचाही हिशेब त्यात आला. आयोडीन-१३१ हे अणुभट्टीच्या सांडपाण्यातीलही द्रव्य आणि थायरॉइडच्या तपासणीतीलही. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये विकिरण वैद्यक केंद्र स्थापन झाले, म्हणजे या किनाऱ्यावर आयोडीनचे मोजमाप आणि मुंबईत आयोडीनचा वैद्यकीय वापर जवळजवळ एकाच दशकात आणि एकाच संस्थेच्या छत्राखाली रुजला. अणुऊर्जेविषयी कोणतेही मत असो, आधी मोजून मग सोडण्याची ही शिस्त नोंद घेण्यासारखी आहे.

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राबाबत क्रम उलटा झाला. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक घोषित केला, उद्योगांचे हरित, नारिंगी व लाल असे गट पाडले आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला. तलासरीचा समावेश या पट्ट्यात होतो. दरम्यान खाडीलगत ५०० मेगावॅटचे केंद्र उभे राहून १९९५ मध्ये सुरूही झाले. बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. धुरातील गंधक काढण्याची यंत्रणा बसवावी असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती कार्यान्वित व्हायला २००७ उजाडले.

ही यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते, आणि म्हणून प्रस्तुत विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. धुरातील सल्फर डायऑक्साइड समुद्रजलात शोषला जातो, पाण्यातील नैसर्गिक अल्कता त्याचे उदासिनीकरण करते आणि हवा मिसळल्यावर त्याचे सल्फेट होते. समुद्रात दर लिटरमागे सुमारे अडीच ते तीन ग्रॅम सल्फेट मुळातच असल्याने ही भर पार्श्वभूमीत बुडून जाते. म्हणजेच डहाणूच्या समुद्राला प्रदूषणनिवारणाचे अभिकारक म्हणून वापरण्यात आले, आणि सल्फेटपुरता हा वापर रसायनशास्त्राला धरूनच होता. परंतु ‘समुद्र सर्व काही सामावून घेतो’ हा जो सर्वसाधारण ग्रह अशा उदाहरणांतून बळावतो, तो सल्फेटवरून गॅडोलिनियमवर लादता येत नाही. एकाची पार्श्वभूमी ग्रॅममध्ये आहे, दुसऱ्याची नॅनोग्रॅममध्ये.

कायद्याच्या याद्या या फरकाची दखल घेत नाहीत. किनारी पाण्याच्या ज्या वर्गात शिंपले-मासेमारी व मीठ उत्पादन येते, त्याच्या निकषांत प्राणवायू, सामू, तेल, पारा, शिसे व कॅडमियम आहेत. समुद्रात सोडावयाच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत अल्फा व बीटा उत्सर्जकांचाही उल्लेख आहे. गॅडोलिनियम किंवा सेंद्रिय बंधातील आयोडीन यांचा नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे १९९८ व २०१६ चे नियम पिशव्या, सुया, कुप्या यांविषयी काटेकोर आहेत आणि किरणोत्सर्गी कचरा त्यांनी अणुऊर्जा कायद्याकडे सोपविला आहे. रुग्णाच्या मूत्रातून जाणारे, किरणोत्सर्गी नसलेले प्रतिमाद्रव्य या दोन कायद्यांच्या मधल्या फटीतून निसटते.

रुग्णाचा परतीचा प्रवास

युरोपातील अभ्यास शहरांच्या सांडपाणी केंद्रांभोवती फिरतात. डहाणू-तलासरीला ते चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील रुग्ण चित्रणासाठी वापी, सिल्वासा, वलसाड, बोईसर किंवा थेट मुंबई गाठतो. डहाणू तालुक्यातच वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून काहींचा प्रवास कमी झाला आहे. बहुसंख्य तपासण्यांत रुग्णाला दाखल करून घेतले जात नाही. सकाळी स्कॅन झाला की दुपारच्या गाडीने किंवा एस. टी.ने तो घरी परततो आणि द्रव्याचा मोठा हिस्सा नंतरच्या काही तासांत घरीच शरीराबाहेर पडतो. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे डहाणू रोडपर्यंत आली, तिने या प्रवासाला सोयच केली. रुग्णालयाच्या दारी नमुने घेऊन या द्रव्यांचा माग लागणार नाही, कारण विसर्ग शेकडो घरांच्या शोषखड्ड्यांत विखुरलेला असतो.

शोषखड्ड्यातील पाणी जमिनीत मुरते. मातीचे कण धातूंना सामान्यतः धरून ठेवतात. किलेटमधील गॅडोलिनियमला व आयनरहित आयोडीनयुक्त रेणूंना धरण्यासारखे त्यांच्याकडे काही नसते. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात तर शोषखड्डा आणि विहीर यांत अंतरही थोडे. म्हणून या तालुक्यांत ही द्रव्ये समुद्रात पोहोचण्यापूर्वी विहिरींतून जाण्याचा संभव अधिक आहे, आणि ज्या विहिरींत क्लोरीनची भुकटी टाकली जाते तेथे वर उल्लेखिलेल्या आयोडीनयुक्त उपपदार्थांचा प्रश्न लागू पडतो.

दुसरा मार्ग नद्यांचा. सिल्वासाचे पाणी दमणगंगेने दमणजवळ समुद्रास मिळते. तलासरीतून वाहणारी वरोळी संजाण-उंबरगावच्या बाजूने गुजरातच्या हद्दीत समुद्र गाठते. किनारी प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सामान्यतः दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. झाईचा मच्छीमार ज्या पाण्यात जाळे टाकतो ते पाणी राज्याची हद्द जाणत नाही, आणि प्राधिकरणाचा पंचवीस किलोमीटरचा पट्टाही.

शिंपल्यांचा पुराभिलेख

पूर्वस्थितीची नोंद हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. नव्या स्वरूपातील प्रस्तावाला त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी ना-हरकत दिली, मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमार संघटनांचा विरोध कायम आहे. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव टाकण्याचे नियोजन असून त्यासाठी दमणनजीकच्या समुद्रतळातून वाळू काढली जाणार आहे. गाळ एकदा ढवळला गेला आणि लोकसंख्या वाढली की, त्यापूर्वीचे पाणी पुन्हा मोजता येत नाही. तारापूरला १९६० च्या दशकात जी शिस्त पाळली गेली तिची येथे गरज आहे आणि तिच्यासाठी उपलब्ध काळ थोडा आहे.

मागे वळून पाहण्याचे एक साधन मात्र शिल्लक आहे. कालवे, तिसऱ्या, शिवल्या यांची कवचे वर्षागणिक वाढतात आणि वाढताना पाण्यातील धातू अल्प प्रमाणात सामावून घेतात. फ्रान्समधील ब्रेस्टच्या उपसागरात तीस वर्षांहून अधिक काळात गोळा केलेल्या स्कॅलप शिंपल्यांत गॅडोलिनियमची नोंद सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या अभ्यासकाने या निष्कर्षातील एका बारकाव्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. शिंपल्यांतील गॅडोलिनियम एकूण वापराच्या प्रमाणात वाढत नव्हते. ते मुख्यतः एकाच द्रव्याचे, सर्वांत जुन्या गॅडोपेंटेटेटचे, अनुकरण करीत होते. या द्रव्याचा वापर युरोपात खूप घटल्यावरही शिंपल्यांत ते येतच राहिले. म्हणजे सैल पकडीचे किलेट जीवाच्या शरीरात शिरले व नोंदले गेले. घट्ट पकडीची नवी द्रव्ये पाण्यात असूनही कवचाने त्यांची नोंद जवळजवळ केलीच नाही. प्रत्येक पुराभिलेखाप्रमाणे हाही पक्षपाती आहे.

डहाणू-तलासरीच्या खाजणांत मांगेला व आदिवासी स्त्रिया पिढ्यानपिढ्या कालवे व शिवल्या वेचत आल्या आहेत. भाजून चुना करण्यासाठी साठविलेली कवचे, जुन्या वस्त्यांच्या कडेचे उकिरडे, प्राणिसंग्रहांतील तारीख घातलेले नमुने यांत १९८८ पूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही कवचे मिळू शकतात. भारतात गॅडोपेंटेटेट दीर्घकाळ वापरात राहिल्याने नोंद उमटण्यास आवश्यक असलेली ती जुनी, सैल पकड या किनाऱ्याच्या बाबतीतही उपलब्ध आहे. झाई, बोर्डी, डहाणू खाडी व वाढवण येथील कवचे, त्याच ठिकाणचे ओहोटीच्या वेळचे पाणी आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी, एवढे नमुने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर घेऊन त्यांतील विरल मृदा मूलद्रव्यांचा आलेख काढावा लागेल. त्यासाठीची उपकरणे मुंबईतील संस्थांत आहेत. कवचे वेचण्यासाठी ओहोटी आणि वेचणाऱ्या स्त्रियांचे स्थलज्ञान लागते. भराव सुरू होण्यापूर्वीचे कवच कोणत्या खडकावरचे आणि कोणत्या वर्षीचे, हे त्याच सांगू शकतील.